रात्रीची घालमेल, दिवसाचा उजेड

१/ स्मृतिभ्रंश झालेल्या अनेक वृद्धांची घालमेल तिन्हीसांजेपासून वाढते. रात्र येरझाऱ्यांत सरते. याचे कारण कोणते? दिवसभराचा थकवा की अंधार?

२/ १९४१ साली मानसोपचारतज्ज्ञ इवेन कॅमेरॉन यांनी अशा रुग्णांना भरदिवसा अंधाऱ्या खोलीत ठेवल्याची नोंद प्रसिद्ध केली. तासाभरातच त्यांना भ्रम होऊ लागला. थकव्याचा तर्क लंगडा ठरला. मात्र या उत्तराची किंमत रुग्णांनी मोजली.

३/ १९८० मध्ये आल्फ्रेड लेवी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, प्रखर उजेडात माणसाच्या शरीरातील मेलाटोनिन हे रात्रीचे संप्रेरक घटते. उजेड केवळ पाहण्यापुरता नसून शरीराच्या घड्याळाचीही ती खूण होती.

४/ मग प्रयोगाची दिशा उलटली : अंधाराऐवजी उजेड. नेदरलँड्समधील १२ वृद्धनिवासांतील १८९ रहिवाशांवरील चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. काही निवासांच्या दिवाणखान्यांत दिवसभर सुमारे १००० लक्स उजेड ठेवला होता. तेथे नैराश्याची लक्षणे कमी झाली, बुद्धीची घसरण किंचित मंदावली. उजेडाला मेलाटोनिनची जोड मिळाली, तेव्हा रात्रीची अस्वस्थताही घटली.

५/ लाभ माफक होता, पण बोध मोठा : रात्र शांत करण्याची सुरुवात दिवसा होते. म्हातारपणाची खाट घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवण्यापूर्वी हा इतिहास आठवावा.