हात कुणाचा?

दोन-अडीच वर्षांपूर्वी मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, जुनी कुलपं आणि ग्रामोफोनच्या भोंग्यांच्या पसाऱ्यात एक छोटी मर्सिडीज हाताला लागली. धातूची, जेमतेम दहा सेंटिमीटर लांब. रंग बराच उडालेला, एक टायर गायब. दुकानदार म्हणाला, "असली इंग्लंड का माल है भाई, डिंकी." मी गाडी उलटी केली. तळाच्या पत्र्यावरची काही अक्षरं घासून काढल्याच्या खुणा होत्या आणि त्यांच्या शेजारी नवं नाव होतं, निकी टॉईज. मी काही बोललो नाही. थोडी घासाघीस केली आणि गाडी खिशात टाकली.

घरी अब्बांना दाखवली. त्यांनी कुर्ल्यात तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंगचं काम केलं. कुठलीही गाडी समोर आली की ते कंपनी विचारत नाहीत. दरवाजावर बोट फिरवतात, उजेडात तिरकं करून बघतात आणि विचारतात, "हात किसका है?" म्हणजे रंग कुणी मारला. त्या दिवशीही त्यांनी तेच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

निकीचा माग तसा सोपा आहे. या गाड्या १९६० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यात बनू लागल्या. इंग्लंडच्या मेकॅनो कंपनीने डिंकी टॉईजचे जुने, वापरून झालेले साचे भारतात विकले. आपल्याकडे तेव्हा परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते, त्यामुळे खेळण्यातली गाडी बाहेरून आणण्यापेक्षा साचाच आणणं परवडण्यासारखं होतं. साच्यातलं जुनं नाव घासलं, नवं कोरलं आणि जॅग्वार, मर्सिडीज, फोक्सवॅगन अशी वरात कलकत्त्याहून निघाली. जुनी नावं घासून नवी कोरण्याचा उद्योग आता आपल्याकडे खेळण्यांपुरता राहिलेला नाही, पण तो विषय वेगळा.

साचे आले लिव्हरपूलहून. तिथे मांस आयात करणाऱ्या एका पेढीत फ्रँक हॉर्नबी नावाचा कारकून होता. मुलांसाठी खेळातली क्रेन बनवताना त्याला सुचलं की सारख्या अंतरावर भोकं पाडलेल्या पट्ट्या असतील तर त्यांपासून काहीही जोडता येईल. १९०१ मध्ये त्याने पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे मेकॅनो झालं. नंतर त्याने खेळण्यातल्या आगगाड्या काढल्या. आगगाडी आली म्हणजे स्टेशन आलं, फलाट आला, हमाल आले, आणि स्टेशनाबाहेर उभ्या करायला मोटारी हव्यात. १९३३ च्या अखेरीस सहा छोट्या वाहनांचा संच बाजारात आला, तो असा रेल्वेची सजावट म्हणून. पुढच्याच वर्षी त्याला डिंकी टॉईज हे नाव मिळालं.

छोट्या मोटारींच्या छंदात १:४३ हे प्रमाण जगभर चालतं. नव्याने येणारा प्रत्येक जण विचारतो, त्रेचाळीसच का? चाळीस का नाही, पन्नास का नाही? कारण हॉर्नबीच्या आगगाड्या ज्या मापाच्या होत्या, त्यात खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरत. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, भागिले सात, उत्तर साडेत्रेचाळीस. रेल्वे कपाटात गेली, मोटारी उरल्या आणि त्यांच्याबरोबर हे विचित्र माप उरलं. लंडनच्या लेस्नी कंपनीने पुढे मॅचबॉक्स गाड्या काढल्या, त्यांची तऱ्हा उलटी होती. भागीदारांपैकी जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायला परवानगी होती, म्हणून त्याने तिला इवलासा रोडरोलर करून दिला. तिथून पुढे पेटीच्या मापाने गाडी कापायची रीत पडली, त्यामुळे मॅचबॉक्सची बस आणि मॅचबॉक्सची मोटार शेजारी ठेवल्या तर जवळपास सारख्याच दिसतात. लहानपणी मला ते कळायचं नाही, आता खटकतं.

डिंकीच्या सुरुवातीच्या गाड्या शिशाच्या होत्या. लवकरच जस्ताचा मिश्रधातू आला. तो हलका आणि कणखर असतो, आणि वितळवून दाबाने पोलादी साच्यात सोडला की दरवाजाची रेघ, हेडलाइटची कड सगळं स्वच्छ उठतं. पण त्याला शिशाचं वावडं. अगदी नगण्य शिसं मिसळलं तरी धातू आतून सडतो. वीस-तीस वर्षांनी पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडतात, गाडी फुगते, आसाची भोकं वाकडी होतात आणि एक दिवस कपाटातून काढताना हातात चुरा येतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कितीतरी डिंकी अशा गेल्या. यावर इलाज नाही. पुट्टी भरा, लॅकर मारा, आतली सड चालूच राहते. संग्राहक दहा-दहा लाखांच्या गप्पा मारतात तेव्हा मला हा चुरा आठवतो.

डिंकीला खरं आव्हान मिळालं १९५६ मध्ये, कॉर्गी टॉईजकडून. कॉर्गीच्या गाड्यांना खिडक्यांच्या काचा होत्या. पारदर्शक प्लॅस्टिकचा एक तुकडा, बस्स, पण त्याशिवायची गाडी एकदम आंधळी वाटायला लागली आणि डिंकीला आपल्या गाड्यांना काचा बसवाव्या लागल्या. कॉर्गी काढणारी मेटॉय कंपनी फिलिप उलमान यांची. उलमान जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचे ज्यू. तिथे त्यांचा पत्र्याच्या खेळण्यांचा नावाजलेला कारखाना होता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्यांना गाव, कारखाना, सगळं मागे टाकून इंग्लंड गाठावं लागलं. नॉर्दॅम्प्टनमध्ये त्यांनी शून्यापासून पुन्हा खेळणी बनवायला घेतली, पुढे वेल्समध्ये स्वान्सीला मोठा कारखाना उभा राहिला. न्यूरेंबर्ग हे शतकानुशतकं खेळण्यांचं शहर होतं, आणि १९३५ मध्ये ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे कायदे त्याच शहराच्या नावाने ओळखले गेले. कॉर्गीची जेम्स बाँडवाली सोनेरी ॲस्टन मार्टिन १९६५ ची. छतातून माणूस उडवणारी ती गाडी ब्रिटनमधल्या लाखो मुलांनी खेळली. त्या मुलांना कुणी सांगितलं असेल का, की कंपनीचा मालक एक निर्वासित आहे?

उलमान यांचं नाव निदान सापडतं. कारखान्यातल्या हातांचं तेही नाही. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनोचा कारखाना होता. ओतकाम झालं की कडेला आलेली धातूची पापडी काढायची, रंग फवारायचा, भट्टीत भाजायचा, चाकं बसवायची, तळाचा पत्रा रिव्हेट ठोकून बंद करायचा, खोक्यात भरायचं. यातलं बरंचसं काम बायका करत. एकेका मॉडेलचा क्रमांक, रंगाची छटा, चाकाचा प्रकार, खोक्याची आवृत्ती यांवर जाडजूड पुस्तकं आहेत. लाल रंगाची जरा वेगळी छटा निघाली तर संग्राहक तिला 'दुर्मीळ' म्हणून दसपट पैसे मोजतात. त्या दिवशी गनवर कोण होतं, हे कुठल्याही पुस्तकात नाही. १९७९ च्या नोव्हेंबरअखेर मालकांनी अचानक कारखाना बंद केला. शेकडो कामगार एका दिवसात बेकार झाले. त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला, काही महिने ठाण मांडलं, पण उपयोग झाला नाही. कलकत्त्याच्या कामगारांबद्दल तर एवढंही हाताशी लागत नाही.

तोवर छंद मोठ्यांच्या हातात गेला होता. १९७० च्या दशकात इंग्लंड-फ्रान्समध्ये घरगुती कारखान्यांतून १:४३ चे सुटे संच निघू लागले. मऊ पांढऱ्या धातूचे किंवा रेझिनचे भाग घ्यायचे, कानशीने घासायचे, चिकटवायचे आणि स्वतः रंगवायचे. मी शिकलो ते यातून आणि जास्त करून अब्बांकडून, कारण काम तेच आहे, फक्त त्रेचाळीस पटींनी लहान. जुनी गाडी उघडायची तर रिव्हेटचं डोकं ड्रिलने खायचं, रंग काढायचा, साबणाने धुवायची. मग प्रायमर, मग पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर, मग रंग. सगळी गोम जाडीत आहे. मॉडेलवर रंगाचा थर दशांश मिलिमीटर चढला तर खऱ्या गाडीवर तो सव्वाचार मिलिमीटरचा लेप झाला. दरवाजाची फट खऱ्या गाडीत चार मिलिमीटर असते, म्हणजे इथे दशांशाहूनही कमी. दोन हात जास्त मारले की दरवाजे बुजले. माझी पहिली गाडी पाहून अब्बा म्हणाले होते, "ये तो साबन की बट्टी हो गई." मेटॅलिक रंगाची आणखी पंचाईत असते. खऱ्या गाडीच्या रंगातली चमकी मॉडेलवर मारली तर एकेक कण नखाएवढा दिसतो. चमक कमी करावी लागते, रंग जरा फिका करावा लागतो, तेव्हा कुठे तो लांबून बघितलेल्या गाडीसारखा वाटतो.

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी हटल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली ती फियाट, १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली. अब्बांच्या गॅरेजचं निम्मं पोट तिच्यावर चाललं होतं. मी ठरवलं, ही गाडी १:४३ मध्ये आपण स्वतः घडवायची. लाकडाच्या ठोकळ्यातून बॉडी कोरली, प्लॅस्टिकच्या शीटमधून जाळी कापली. चार मीटरला जरा कमी असलेली गाडी नऊ सेंटिमीटरच्या आसपास आली. डाव्या बाजूला बाहेर असायचा तो जुना लोखंडी मीटर पाच मिलिमीटरचा झाला, त्याचा दांडा तांब्याच्या तारेचा. खाली तुळतुळीत काळा, वर पिवळं छत. सात महिने लागले. मला वाटलं, या वेळी अब्बा खूश होतील.

त्यांनी चष्मा वर केला, गाडी खिडकीत नेली, तिरकी करून बघितली. "रंग अच्छा मारा. पण ये गाडी रस्ते पे उतरीच नई."

मी विचारलं, म्हणजे?

म्हणाले, टॅक्सीचा काळा कधी एकसारखा असतो का? डावा पुढचा मडगार्ड वर्षातून दोनदा ठोकून घ्यायचा असतो. तिथे पुट्टी भरलेली असते, तिथला काळा बोनेटपेक्षा जरा निळसर येतो, कारण डबा दुसऱ्या दुकानाचा. दरवाजाच्या खालच्या कडेला दर पावसाळ्यानंतर पत्र्याचा तुकडा वेल्ड केलेला असतो. पिवळ्यावर कॅरियरच्या पायांचे ओरखडे. ड्रायव्हर उधारीवर काम करून घ्यायचे, म्हणून पॉलिश पुढच्या बाजूलाच, मागे नाही. बोलता बोलता त्यांनी तीन-चार ड्रायव्हरांची नावं घेतली आणि कुणाच्या गाडीला कुठे मार होता तेही सांगितलं. मी कागद घेतला आणि लिहून घेतलं.

खरं तर सगळ्या डिंकी, कॉर्गी, आणि आम्हा छंदिष्टांच्या कपाटातल्या बहुतेक गाड्या शोरूममधल्या आहेत. कंपनीने जशी बाहेर काढली तशी. त्यानंतर वीस-तीस वर्षं जे लोक तिला चालती ठेवतात, ते डेंटर, पेंटर, सीट शिवणारे, वेल्डर, आपल्याकडे या कामात मुसलमान पोरं किती आहेत ते कुठल्याही गॅरेजवाल्या गल्लीत दिसतं, त्यांचा हात मॉडेलवर कुठेच नसतो. मीही तो सात महिने घासून घासून काढून टाकला होता.

निकीच्या मर्सिडीजबद्दल एका संग्राहक मित्राने सुचवलं होतं की तळाची घासलेली जागा भरून घे, मूळचा रंग मार, अगदी डिंकी वाटेल. मी फक्त टायर बसवला आणि तशीच ठेवली. पद्मिनीचा मडगार्ड मात्र मागच्या आठवड्यात पॉलिश पेपरने उघडा केला आहे. निळसर काळा कुठल्या प्रमाणात मिसळायचा यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. अब्बा म्हणतात चिमूटभर निळा. मी टाचणीच्या टोकाने टाकतोय, तर ते म्हणतात, "इत्ता डरके रंग नई बनता."