मोटारीचा आंस आणि वाळवंट

आपल्या बैलगाडीचा आंस स्थिर असतो व चाकें त्याच्याभोंवतीं आपापल्या गतीनें फिरतात. त्यामुळें वळणावर बाहेरच्या चाकास अधिक पल्ला कापावा लागला तरी गाडीवानास त्याची दखलही नसते. यंत्रशक्तीच्या गाडींत मात्र आंसानेंच चाकें फिरवावयाचीं असतात. तेथें दोन्ही चाकें एकाच दांड्यास जखडलीं तर वळतांना एक फरफटत जाणार. ही अडचण ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रकारानें १८२७ सालीं वाफेच्या गाडीसाठीं दांतेरी चाकांची एक मांडणी योजून सोडविली. तोच आजचा डिफरन्शियल होय.

इंजिनाचा पीळ दोन्ही चाकांस समसमान वांटावा हा त्याचा गुण, आणि दोषही तोच. एक चाक मऊ वाळूंत पोकळ फिरूं लागलें म्हणजे त्यास जितका अल्प पीळ पुरतो, तितकाच घट्ट जमिनीवरील दुसऱ्या चाकाच्या वांट्यास येतो. १९४८ सालीं अवतरलेल्या लँड रोव्हरमध्यें चारही चाकांस शक्ति पोंचविण्याची सोय होती. परंतु दोन्ही आंसांवरील डिफरन्शियल मोकळेच. पुढचें एक व मागचें एक चाक अधांतरीं झालें, कीं चार चाकांचा सारा डौल संपला!

यावर उपाय, प्रसंगापुरता डिफरन्शियल जखडून टाकणें. ऑस्ट्रेलियांतील एआरबी कंपनीनें १९८७ सालीं हक्क विकत घेतलेल्या कळींत चालकानें बटण दाबतांच दाबलेल्या हवेच्या जोरावर दोन्ही दांडे एकजीव होतात. जुन्या गाड्यांचे शौकीन ती मोठ्या हौसेनें बसवून घेतात. मात्र येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. मोकळ्या आंसांत एका दांड्यावर अर्ध्याहून अधिक पीळ कधींच येत नाहीं. जखडलेल्या आंसांत तो सगळाच्या सगळा एकट्यावर येऊं शकतो. जुन्या लँड रोव्हरच्या मागच्या आंसाचे दहा खांचांचे दांडे आधींच मोडण्याबद्दल बदनाम होते. कळ बसवून दांडे तेच ठेवणें म्हणजे दाराला नवें कुलूप आणि कोयंडा कुजका. आमच्या मतें आधीं मजबूत दांडे, मग कळ.

पश्चिम ऑस्ट्रेलियांतील कॅनिंग स्टॉक रूटवर ही चूक महागांत पडते. गुरें हांकण्यासाठीं १९०८ ते १९१० या काळांत विहिरी खणून तयार केलेली ही सुमारें १८५० किलोमीटरांची वाट, तींत नऊशेंहून अधिक वाळूच्या टेंकड्या. मोटारींनीं ती आरंभापासून शेवटपर्यंत प्रथम पार केली ती १९६८ सालीं. मध्यावर दांडा तुटला तर मदत येईपर्यंत जवळच्या पाण्यावर दिवस काढणें आलें.

कोणी विचारील, कळीवांचून वाळवंट ओलांडतांच येत नाहीं काय? येतें. राल्फ बॅग्नोल्डनें १९३० सालीं लिबियाच्या वाळूच्या समुद्रांत नेलेल्या फोर्ड गाड्यांना शक्ति मागच्या दोनच चाकांची होती. टायरांतील हवा कमी करावी, रुतलेल्या चाकाखालीं पोलादी पन्हळी घालाव्या, आणि पुन्हां निघावें, असा त्याचा क्रम. त्या पन्हळींच्या वंशांतल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आज कळ बसविलेल्या गाड्यांच्या टपावरही बांधलेल्या दिसतात.