खत, तगादा आणि हुकूमनामा : उसन्या पैशाची न्यायालयीन वाट

मंडळी, आजचा विषय कोरडा वाटेल, पण आपल्या उपनगरांत तो घरोघरी आहे. मुलुंड-घाटकोपर असो की अंधेरी-बोरिवली, प्रत्येक इमारतीत कुणीतरी कुणाला दिलेल्या पैशांची वाट बघत बसलेलं असतं. बहुतेक वेळा देणारा सावकार नसतो. तो निवृत्त कारकून असतो, शेजारी असतो, मेहुणा असतो. घेणाऱ्याने शब्द मोडला तर न्यायालय त्याच्यासाठी काय करू शकतं? आणि न्यायालयाने काय करू नये? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला महाराष्ट्राच्या इतिहासात सापडतं, म्हणून आपण आधी तिकडे जाऊ.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात वसुलीच्या एका रीतीचं वर्णन आहे : तगादा. साध्या मागणीपासून ती सुरू होई आणि ऋणकोच्या दारात माणूस बसवणं, त्याला जेवू न देणं इथपर्यंत जाई. पंचायत होती, पण धनकोचा पहिला भरवसा स्वतःच्या चिकाटीवर. धरणं धरणं हा त्यातलाच प्रकार. १८६० च्या दंडविधानाने कलम ५०८ मध्ये दैवी कोपाची भीती घालणं हा गुन्हा ठरवला आणि उदाहरण म्हणून दारात धरणं धरून बसणारा माणूसच दिला. म्हणजे राज्य धनकोला सांगत होतं : दारातून ऊठ, आमच्याकडे ये, तुझं काम आम्ही करू.

आता बघा, न्यायालय आलं की कागद आला. दारात बसणाऱ्याला ऋणकोची परिस्थिती डोळ्यांनी दिसे. न्यायाधीशाला दिसे ते खत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न झालेल्या खतावर दावा लावायला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. घडलं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घेऊ लागला, थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावू लागला. पुढे नेमलेल्या आयोगापुढे असंही एक प्रकरण आलं की शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज आकारलं होतं. कुणब्याला वाचता येत नव्हतं. तालुक्याच्या कोर्टात जायचं तर दिवस मोडायचा. तो गैरहजर राही आणि एकतर्फी हुकूमनामा होई. कायद्याच्या दृष्टीने सगळं चोख होतं, कारण सही त्याची होती.

त्यात अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं, कापसाचा भाव कोसळला, सारावाढ झाली आणि उधार मिळेनासं झालं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला, बाजाराच्या दिवशी, लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत पसरलं. लोकांना हवी होती ती खतं आणि हुकूमनामे. माणसांना इजा त्यामानाने कमी झाली, कागद मात्र जळले. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे, म्हणून आम्हाला हे महत्त्वाचं वाटतं. त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या लोकांनी बरोबर ओळखलं होतं की आपल्यावरची सत्ता त्या कागदात साठवलेली आहे.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता. ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्याला, म्हणजे आपल्या आजच्या अंधेरी-बोरिवलीला, तो सुरुवातीला नव्हता. या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे बघायला लावलं. व्यवहार कुठून सुरू झाला, मूळ रक्कम किती, व्याज किती, याचा हिशेब पहिल्यापासून घ्या, असं सांगितलं. प्रतिवादी शेतकऱ्याला बोलावून विचारा. पैशाच्या हुकूमनाम्यापायी त्याला कैदेत टाकू नका. खास गहाण टाकलेली नसेल तर जमीन विकू नका. हप्ते बांधून द्या. या कायद्याखाली १८८७ साली विशेष न्यायाधीश म्हणून नेमले गेले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. आक्षेपही आला, आणि तो पोकळ नव्हता : कराराची किंमत न्यायालयच कमी करणार असेल, तर गरजूला उद्या उधार कोण देईल?

हा ताण आजच्या दिवाणी कायद्यात तसाच आहे. धनकोच्या बाजूने पाहा. वचनचिठ्ठी किंवा लेखी करार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशाखाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव करण्यासाठी आधी परवानगी मागावी लागते. दाव्याच्या पैशांतून निसटण्यासाठी तो मालमत्ता विकू लागला, तर निकालाआधीच जप्ती मागता येते. चेक न वटल्यास १ एप्रिल १९८९ पासून फौजदारी वाटही आहे. बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस, पैसे द्यायला पंधरा दिवस आणि नंतर महिन्याभरात तक्रार. एक दिवस चुकला तरी अडचण. काहीच लेखी नसेल, नुसती बँकेतली नोंद आणि फोनवरचे निरोप असतील, तर साधा दावा आणि लांबचा प्रवास. आपल्याकडच्या लोकांना त्यासाठी फोर्टातल्या किंवा दिंडोशीच्या शहर दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

मुदत आजही साधारण तीन वर्षंच आहे. 'मागेन तेव्हा दे' म्हणून दिलेल्या पैशाची तीन वर्षं मागितल्यापासून मोजत नाहीत, दिल्या दिवसापासून मोजतात. भिडेखातर गप्प बसणाऱ्याचं नुकसान इथेच होतं. मुदत संपण्याआधी ऋणकोने देणं मान्य करून सही केली, तर नवी मुदत सुरू होते. १८५९ नंतर सावकाराने जी युक्ती वापरली, तीच आज साध्या माणसाचा आधार आहे.

आता ऋणकोची बाजू. हुकूमनामा झाला तरी कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितलं की नुसतं देणं फिटत नाही म्हणून कैद नाही. ऐपत असून लबाडीने टाळतो, हे दिसलं पाहिजे. आणि परवान्याशिवाय व्याजाचा धंदा करणाऱ्याला १९४६ च्या सावकारी कायद्यापासून न्यायालयाचं दार बंद आहे. २०१४ च्या नव्या कायद्याने तो धागा पुढे नेला. मित्राला एकदा दिलेले हातउसने पैसे हा धंदा नव्हे, हा फरक ध्यानात ठेवावा.

श्रोत्यांपैकी अनेक जण पुंजीतून कुणाला तरी देतात. आमचं सांगणं इतकंच : देताना दोन ओळी लिहून घ्या. रक्कम, तारीख, परत करायचा दिवस, सही. तो अविश्वास नाही. खतात खरी गोष्ट लिहिलेली असेल तर ते दोघांनाही राखतं, आणि सुप्याला ते जळलं कारण त्यात खरी गोष्ट लिहिलेली नव्हती. पण त्याच्याकडे खरोखरच नसेल, तर दरखास्त लावण्याआधी एकदा समोर बसून हप्ते ठरवा. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला जे करायला सांगितलं, ते दोन शेजाऱ्यांना न्यायाधीशाशिवायही करता येतं. आता प्रश्न घेऊ.