‘मीरा’ गाडी बाजारात का आली नाही? अशा प्रश्नाचा पुरावा कुठे शोधाल?

इचलकरंजी म्हटलं की यंत्रमाग आठवतात. पण याच गावात शंकरराव कुलकर्णी यांनी 1945 च्या सुमारास छोटी मोटार बनवायला घेतली. 1949 मध्ये ‘मीरा’ची पहिली, दोन माणसांची गाडी तयार झाली. पुढची पंचवीसेक वर्षं ते नवी मॉडेल्स करत राहिले. सस्पेन्शनला रबर वापरलं, सत्तरच्या दशकात इंजिन मागे नेलं. साधारण 12,000 रुपयांत गाडी द्यायची, असा हिशेब होता. ती बाजारात कधीच आली नाही.

का? नेटवर उत्तर तयार मिळतं: सरकारनं अडवलं, नाहीतर मारुतीनं गिळलं. तुम्ही संशोधनाला बसणार असाल तर इथे थांबा.

पहिलं काम, पुरावे मोजा. दहा लेखांत तेच वाक्य त्याच क्रमानं आलं असेल, तर ते दहा पुरावे नाहीत. प्रयोगशाळेत एकच रीडिंग दहा वह्यांत उतरवलं तर चूक कमी होते का? तसंच हे.

दुसरं, तारखा शेजारी मांडा. संजय गांधींना छोट्या गाडीसाठी इरादापत्र मिळालं 1970 मध्ये, मारुती 800 रस्त्यावर आली 1983 मध्ये. म्हणजे ‘मीरा’ची पहिली वीस वर्षं मारुतीच्या नावावर टाकता येत नाहीत. परवान्यांचं राज्य ज्या कायद्यावर उभं राहिलं, तो उद्योग (विकास व नियमन) कायदाही 1951 चा, पहिल्या गाडीनंतरचा. त्याआधीच्या काळासाठी भांडवल, सुटे भाग, टायर, गिऱ्हाईक हे सगळं तपासावंच लागेल.

तिसरं, त्या वर्षी राज्य कुणाचं होतं ते बघा. इचलकरंजी ही कोल्हापूर संस्थानातली जहागीर. संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. एकाच वर्कशॉपचे कागद त्यामुळे तीन सरकारांत विखुरतात, परवान्याचा पत्रव्यवहार दिल्लीत. नंबरप्लेटही बोलते. ‘एमएच’नं सुरू होणारी नोंद महाराष्ट्र झाल्यानंतरची. ‘1949 ची गाडी’ म्हणून दाखवलेल्या फोटोत अशी प्लेट दिसली, तर फोटो नंतरचा आहे एवढं नक्की. गाडी कधीची, ते वेगळं सिद्ध करायचं.

आता थोडं अमेरिकेत जाऊ. 1932 मध्ये फोर्डचं स्वस्त व्ही-8 इंजिन आलं. पोरं जुन्या गाड्या हलक्या करून पळवायला लागली, आणि कॅलिफोर्नियातली छोटी वर्कशॉप्स त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड, मॅनिफोल्ड ओतायला लागली. आपल्या शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रीत बसून हे सहज समजतं: पॅटर्न, वाळूचा साचा, ओतकाम, मग मशीनिंग. त्यातले कितीतरी कारखानदार आज कुणाला आठवत नाहीत. पण पॅटर्नमध्येच कोरलेलं नाव ओतकामावर उठायचं, आणि 1948 पासून ‘हॉट रॉड’ मासिकात जाहिराती यायच्या. भंगारातला भाग आणि जाहिरात जुळली की माणूस सापडतो.

‘मीरा’ विकलीच गेली नाही, मग जाहिराती कुठून असणार? विकणाऱ्याची खूण जाहिरातीत राहते, विकू न शकलेल्याची अर्जात. म्हणून तुमची शोधयादी अशी हवी: परवान्याचे अर्ज, त्यांवरचे शेरे, वाहन नोंदणी, पेटंट, सुटे भाग पुरवणाऱ्यांची बिलं. आणि गाडी समोर असेल तर टेप घेऊन ती मोजा, कुठला भाग ओतलेला, कुठला विकत आणलेला ते लिहा.

‘सरकारनं अडवलं’ हे कदाचित खरंही ठरेल. पण कुठल्या खात्यानं, कुठल्या तारखेला, काय कारण लिहून, हे सांगता आलं तरच तो इतिहास. नाहीतर शंकररावांच्या तीस वर्षांच्या मेहनतीची आपण एका ओळीत हळहळ करून टाकतो.