उदगीर, गारदी आणि ‘रक्तातली’ शिस्त

‘लढाई आपल्या रक्तातच आहे’ हे वाक्य तुम्ही लातूर-नांदेडकडे भरतीची तयारी करणाऱ्या पोरांकडून ऐकलं असेल. ते खरं किती, हे बघायला उदगीर बरं पडतं.

फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर-औसा भागात सदाशिवरावभाऊंनी निजामाला कोंडलं. भाऊंकडे इब्राहिमखान गारदीचं कवायती पायदळ आणि तोफखाना होता. गंमत म्हणजे हा इब्राहिमखान आधी निजामाच्याच नोकरीत, फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीत तयार झालेला.

कवायत कशासाठी? तेव्हाची ठासणीची बंदूक भरायला वीसेक सेकंद लागायचे आणि नेम लागायचा जेमतेम शंभर मीटरपर्यंत. भरधाव घोडा तेवढं अंतर दहा-पंधरा सेकंदांत कापतो. म्हणजे घाईत बार काढला, की दुसरा भरेपर्यंत घोडा अंगावर! त्यामुळे समोरून घोडे येताना हुकूम होईपर्यंत चाप ओढायचा नाही, रांग मोडायची नाही. हेही शौर्यच, पण स्वाराच्या शौर्याच्या नेमकं उलट. स्वाराचं नाव व्हायचं पुढे घुसल्यावर. गारद्याचं काम जागचं न हलण्याचं.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर हे दोन्ही स्वभाव एकाच फौजेत होते. डाव्या बगलेला गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. पण शेजारच्या विंचूरकर-गायकवाडांच्या स्वारांना राहवलं नाही, ते पुढे धावले आणि मार खाऊन मागे फिरले, असं इतिहासकार सांगतात. गारद्यांची बाजू उघडी पडली. (पानिपत एवढ्यावरच गेलं असं मी म्हणणार नाही, फौज कित्येक दिवस उपाशी होती.)

बरं, नुसती कवायतही पुरत नाही. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारलं ते गारद्यांनीच, आणि त्यांचा पगार थकलेला होता.

आजची पलटण या दोन्ही गोष्टी एकत्र बांधते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगाव केंद्रात शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची युद्धघोषणा आहे, पण पोराच्या वाट्याला आधी येते ती परेड.

आणि रक्ताचंच म्हणाल, तर कित्येक पिढ्या बॉम्बे आर्मीत लढलेल्या महारांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली, ‘लढाऊ जातीं’च्या यादीत ते बसत नाहीत म्हणून. दुसऱ्या महायुद्धात माणसं हवी झाली, बाबासाहेबांनीही आग्रह धरला, आणि १९४१ मध्ये त्याच बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.