दोर धरणारे : एका पाळकाची घडण आणि त्याची मंडळी

मराठी व्याकरणलेखनाचा इतिहास शिकवताना १८०५ हे साल टाळता येत नाही. १७७८ साली रोमला पोर्तुगीज भाषेत छापलेले छोटे व्याकरण वगळले, तर विल्यम कॅरीचे त्या वर्षीचे इंग्रजी पुस्तक हेच मराठीचे पहिले छापील व्याकरण ठरते. ते श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाले. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातले नव्हे, हुगळीकाठचे. आपल्या वाङ्मयेतिहासांतून कॅरीचे नाव येते, पंडित वैजनाथशर्म्यांचे येते, १८१० च्या मोडी टाइपातील कोशाचे येते आणि प्रकरण पुढे सरकते. हा मनुष्य मुळात चांभारकाम करणारा, एका खेडेगावच्या मंडळीचा पाळक होता, एवढी माहिती तळटीपेत असते. त्याला तेथवर आणून सोडणारी जी माणसे होती, त्यांच्याविषयी मात्र आपण सहसा काही बोलत नाही. त्या माणसांपैकी एकाची, अँड्र्यू फुलर याची, घडण कशी झाली हे येथे पाहावयाचे आहे. फुलर हिंदुस्थानात कधी आला नाही. पण त्याच्या मनात एक गाठ होती, ती सुटली नसती तर कॅरीला निघता आले असते की नाही याची आम्हांला शंका आहे. आणि ती गाठ त्याला एकट्याला सुटलेली नाही.

फुलरचा जन्म १७५४ चा, केंब्रिजशायरमधील विकेन या गावी, शेतकरी कुटुंबातला. शरीराने दांडगा, तारुण्यात कुस्तीचा शौकीन. शिक्षण बेताचे, विद्यापीठाचे तोंड पाहिलेले नाही. १७७० मध्ये सोहॅम येथील बॅप्टिस्ट मंडळीत त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मंडळीत एक प्रसंग घडला. एक सभासद दारू पिऊन झिंगला. सोळा वर्षांच्या फुलरने त्याला जाब विचारला. त्यावर त्या गृहस्थाचे उत्तर असे, की स्वतःला आवरणे माझ्या हाती नव्हते. फुलरला ही सबब वाटली आणि त्याने तसे स्पष्ट सांगितले. प्रकरण मंडळीपुढे आले. त्या माणसाला काढून टाकण्यात आले, पण प्रश्न शिल्लक राहिला : माणसाला पापापासून दूर राहण्याचे सामर्थ्य आहे की नाही? पाळक जॉन ईव्ह यांनी निदान बाह्य वर्तनापुरते ते आहे असे म्हणताच मंडळीतला मोठा गट बिथरला. सामर्थ्य सारे ईश्वराचे, माणसाचे काहीच नाही, असा त्यांचा आग्रह. वाद इतका पेटला, की १७७१ मध्ये ईव्ह यांना मंडळी सोडावी लागली.

हा वाद आज आपल्याला किरकोळ वाटेल, परंतु त्याच्यामागे एक संपूर्ण विचारव्यूह उभा होता. अठराव्या शतकातील इंग्लंडमधल्या अनेक बॅप्टिस्ट मंडळ्यांमध्ये कॅल्व्हिनमताचे एक अतिरेकी रूप रुजले होते. ईश्वराने ज्यांना निवडले त्यांचेच तारण होणार. ज्यांना विश्वास ठेवण्याचे सामर्थ्यच दिलेले नाही, त्यांना ‘विश्वास ठेवा’ असे सांगणे व्यर्थ. म्हणून उपदेशकाने सरसकट श्रोत्यांना आवाहन करू नये, असे त्याचे पर्यवसान होते. तर्क नेटका होता, पण त्याने उपदेशकाचे तोंड बांधले. समोर बसलेल्या माणसाशी बोलावयाचे, पण त्याला उद्देशून काही सांगावयाचे नाही, अशी ही अवस्था. भाषेचा आणि वक्तृत्वाचा अभ्यास करणाऱ्यांना ती विचार करण्याजोगी वाटावी. १७७५ च्या मे महिन्यात फुलर सोहॅमचा पाळक झाला, तेव्हा तोही याच कोंडीत होता.

त्याच्या दीक्षाविधीसाठी आर्न्सबीचे ज्येष्ठ पाळक रॉबर्ट हॉल सुमारे सत्तर मैलांची वाट तुडवून आले. माणसाच्या सामर्थ्याविषयीचा तरुण पाळकाचा घोळ त्यांनी ऐकून घेतला आणि एडवर्ड्‌सचे इच्छास्वातंत्र्यावरील पुस्तक वाच, असे सुचविले. त्यांना अभिप्रेत होते अमेरिकेतील जोनाथन एडवर्ड्‌सचे १७५४ मधील पुस्तक. फुलरला हे नाव ठाऊक नव्हते. त्याने केंब्रिजच्या जॉन एडवर्ड्‌सचे दुसरेच एक पुस्तक मिळविले आणि ते निष्ठेने वाचले. पुस्तक बरे आहे, पण माझ्या प्रश्नाला याचा उपयोग कसा, हे कोडे त्याला पडले. आपण भलताच एडवर्ड्‌स वाचला हे त्याला १७७७ मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी कळले.

हा किस्सा आम्ही केवळ गंमत म्हणून सांगत नाही. सोहॅमसारख्या आडगावी एकट्या वाचणाऱ्याची स्थिती काय असते, ते त्यातून दिसते. बुद्धी होती, चिकाटी होती, चांगल्या ज्येष्ठाचा सल्लाही होता. पण ‘कोणता एडवर्ड्‌स?’ एवढे विचारायला शेजारी कोणी नव्हते. आपल्यापैकी ज्यांनी तालुक्याच्या गावी एकट्याने अध्यापन केले आहे, त्यांना हा अनुभव परका वाटू नये.

हे शेजारी फुलरला मिळाले ते नॉर्थॅम्प्टनशायर असोसिएशनमुळे. बॅप्टिस्टांची प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते. तिच्यावर बिशप नाही, वरिष्ठ कचेरी नाही. सभासद कोणाला करावे, कोणाला वगळावे, पाळक म्हणून कोणाला बोलवावे आणि त्याला काय द्यावे, हे सारे मंडळीची सभा ठरवते. या स्वातंत्र्याची दुसरी बाजू म्हणजे एकटेपणा. त्यावर उपाय म्हणून शेजारच्या परगण्यांतील मंडळ्यांनी १७६० च्या दशकात हा संघ बांधला. त्याला हुकूम चालविण्याचा अधिकार नव्हता. वर्षातून एकदा एकत्र जमावे, प्रवचने ऐकावी, सर्व मंडळ्यांना उद्देशून एक पत्र छापावे, आणि अधूनमधून पाळकांनी आपापसांत भेटावे, इतकाच त्याचा व्याप. १७७५ मध्ये सोहॅमची मंडळी या संघात आली आणि पुढच्याच वर्षी फुलरची दोन समवयस्कांशी गाठ पडली. एक ओल्नीचा जॉन सटक्लिफ, यॉर्कशायरचा, ब्रिस्टलच्या विद्यालयात शिकलेला, मितभाषी आणि ग्रंथप्रेमी. दुसरा नॉर्थॅम्प्टनचा जॉन रायलंड, पाळकाचा मुलगा, बालपणीच हिब्रू वाचू लागलेला विद्वान. दोघेही आपापल्या वाटेने जोनाथन एडवर्ड्‌सपर्यंत पोहोचले होते. तिघांपैकी विद्यालयीन संस्कार नसलेला एकटा फुलरच, आणि पुढे तिघांत सर्वांत प्रभावी लेखक तोच ठरला.

एडवर्ड्‌सकडून त्यांनी एक भेद उचलला : नैसर्गिक असमर्थता वेगळी, नैतिक असमर्थता वेगळी. पाय नसलेला चालू शकत नाही, ही पहिली. इच्छाच नसलेला उठत नाही, ही दुसरी. पहिलीत दोष नाही, दुसरीत आहे. माणसाची असमर्थता दुसऱ्या प्रकारची असेल, तर त्याला आवाहन करणे व्यर्थ नाही, उलट ते उपदेशकाचे कर्तव्यच ठरते. सोहॅमच्या त्या दारुड्याला सोळाव्या वर्षी दिलेल्या उत्तराची बैठक फुलरला अशी सापडली. त्याने हस्तलिखित १७८१ च्या सुमारास तयार केले, पण छापावयास तो कचरत होता. मित्रांच्या आग्रहानंतर, शुभवर्तमान सर्वांनी स्वीकारण्यायोग्य आहे असे प्रतिपादणारा तो ग्रंथ १७८५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही बाजूंनी टीका झाली, पण उपदेशकांची वाणी मोकळी झाली.

या स्नेहमेळ्याचे स्वरूप केवळ तात्त्विक नव्हते. १७८४ च्या एप्रिलमध्ये एडिंबराच्या जॉन अर्स्किन यांनी रायलंडकडे एडवर्ड्‌सची एक प्रार्थनाविषयक पुस्तिका धाडली. ती हातोहाती फिरली, आणि जूनमध्ये नॉटिंगहॅमच्या सभेत सटक्लिफने ठराव मांडला, की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सर्व मंडळ्यांनी एकाच वेळी प्रार्थनेला बसावे. १७८५ च्या एका बैठकीत पाळकांनी चर्चेला घेतलेला विषय होता : उपदेशकांना यश येत नाही, याची कारणे स्वतः उपदेशकांत कोणती? काळ वाईट, श्रोते निबर, अशी उत्तरे सहज देता आली असती. त्यांनी बोट ठेवले ते स्वतःच्या एकांतातील प्रार्थनेच्या हयगयीवर. त्या दिवसाची प्रवचनेही झाली होती. फुलरला मात्र प्रवचनांपेक्षा ही बोलणीच अधिक मोलाची वाटली, असे त्याची दैनंदिनी सांगते.

पाळक पाळकांत घडत होता हे खरे. पण त्याला घासून पाहत होती ती मंडळी. मराठीत ‘मंडळी’ हा शब्द आपण ‘घरची मंडळी’, ‘जेवायला बसलेली मंडळी’ असा सहज वापरतो, आणि मराठी ख्रिस्ती समाजाने चर्चसाठी तोच योजिला. येथे तो फार नेमका बसतो, कारण या मंडळ्या खरोखरच घरच्यांसारख्या अडचणीच्या होत्या. सोहॅमने फुलरला वर्षाला सुमारे १३ पौंड दिले. त्यावर संसार चालेना, म्हणून त्याने दुकान काढून पाहिले, शाळा काढून पाहिली, दोन्ही फसले. केटरिंगचे बोलावणे आल्यावरही तो दीर्घकाळ घुटमळला. गरीब, हट्टी, पण आपल्याला ओळखणारी माणसे सोडून जावे की नाही, याचा निवाडा त्याने इतर पाळकांकडेही मागितला आणि अखेर १७८२ मध्ये तो केटरिंगला गेला. ओल्नीची मंडळीही अशीच चोखंदळ. १७८५ मध्ये तरुण कॅरीचे प्रवचन तिने परीक्षा म्हणून ऐकले आणि त्याला तत्काळ मान्यता दिली नाही. आणखी वर्षभर ऐकून १७८६ मध्ये संमती दिली. पुढे ज्याच्या नावावर इतक्या भाषांची व्याकरणे व भाषांतरे जमा झाली, त्याला विणकर, शेतमजूर आणि लेसकाम करणाऱ्या बायांनी भरलेल्या गावच्या मंडळीने थांबवून ठेवले होते.

कॅरीचा बाप्तिस्मा १७८३ मध्ये नेन नदीत रायलंडच्याच हातून झाला होता. धर्मप्रसारासाठी दूरदेशी माणसे पाठवावीत, हा त्याचा ध्यास. ‘तरुणा, खाली बस’ असे म्हणून थोरल्या रायलंडने त्याला गप्प केले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. धाकट्या रायलंडने मात्र तिच्यावर अविश्वास दाखविला आहे. तिच्याविना भागतेही, कारण खुद्द मित्रमंडळही कचरत होतेच. १७९१ मध्ये क्लिपस्टनच्या बैठकीत फुलर व सटक्लिफ यांची प्रवचने झाल्यावर कॅरीने आताच काही ठरवा असा लकडा लावला. त्यांनी वेळ मागितला. मे १७९२ मध्ये नॉटिंगहॅमला कॅरीचे प्रसिद्ध प्रवचन झाले आणि ठराव निघाला. त्या ऑगस्टमध्ये फुलरची पत्नी मानसिक आजारात निवर्तली. सहा वर्षांपूर्वी लहानगी मुलगी गेली होती. अशा घरातून तो २ ऑक्टोबरला केटरिंगमध्येच वॉलिस यांच्या विधवेच्या घरी जमलेल्या बैठकीत आला. तेथे संस्था स्थापन झाली आणि वर्गणीचे आकडे पडले : १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. सोहॅमच्या पाळकाच्या वर्षाच्या वेतनाएवढी ही रक्कम.

फुलर या संस्थेचा चिटणीस झाला आणि मरेपर्यंत राहिला. हिंदुस्थान म्हणजे अज्ञात खाण. कॅरी आत उतरणार आणि बाकीचे वर दोर धरून उभे राहणार, अशी त्या नात्याची प्रतिमा त्यानेच पुढे नोंदविली. दोर धरणे म्हणजे पत्रे, हिशेब, विरोधकांना उत्तरे, आणि वर्गणीसाठी प्रवास; एकट्या स्कॉटलंडच्या त्याने पाच फेऱ्या केल्या. १८१२ च्या मार्चमध्ये श्रीरामपूरचा छापखाना जळाला, टाइप, कागद आणि अनेक हस्तलिखिते गेली. बातमी पोहोचल्यावर दोन महिन्यांच्या आत सुमारे १०,००० पौंड उभे राहिले. त्याचे मोल केटरिंगच्या मंडळीनेही मोजले : तिचा पाळक आठवडेच्या आठवडे गावी नसे.

या मैत्रीला गोडवा होता, पण ती एकमताची मैत्री नव्हती. प्रभुभोजनाला इतर पंथीयांना बसू द्यावे की नाही, यावर फुलर आणि रायलंड यांचा मतभेद अखेरपर्यंत मिटला नाही. तरी १८१५ मध्ये मरणशय्येवरील फुलरच्या इच्छेप्रमाणे त्याचे अंत्यप्रवचन रायलंडनेच केले आणि पुढच्या वर्षी त्याचे चरित्रही लिहिले. सटक्लिफ आदल्या वर्षी गेला होता. यानंतर जे घडले ते बोलके आहे. कॅरीला जवळून न ओळखणारी नवी माणसे कारभारात आली. मालमत्ता कोणाची आणि अधिकार कोणाचा, या प्रश्नांवर पत्रव्यवहार कडू झाला, आणि १८२७ मध्ये श्रीरामपूर व मूळ संस्था यांची फारकत झाली. नियमावली पूर्वीपेक्षा पक्की होती. परंतु दोर धरणारे हात ओळखीचे उरले नव्हते.

हे चित्र निर्दोष नाही, हेही सांगितले पाहिजे. हा मेळा पुरुषांचा होता. ज्या घरात संस्था जन्मली त्या घराची मालकीण यजमानीण म्हणूनच उरते. कॅरीची पत्नी डॉरोथी बंगालमध्ये मुलगा गमावून वेडाच्या आजारात बुडाली आणि १८०७ मध्ये वारली. खाणीत ती उतरली होती, पण तिचा दोर कोणाच्या हाती होता, असे विचारावेसे वाटते. आणि पंडित वैजनाथशर्मा? व्याकरणाच्या प्रस्तावनेत त्यांचे ऋण मान्य केलेले आहे, ‘सिंहासन बत्तिशी’ आणि ‘हितोपदेश’ ही १८१४ व १८१५ मधील मराठी पुस्तके त्यांच्या नावाशी जोडलेली आहेत. तथापि केटरिंगच्या पत्रव्यवहारात ज्याला स्नेह म्हणत, त्या वर्तुळात ते नव्हते. एकाच मेजावर वर्षानुवर्षे मराठी वाक्ये तपासणाऱ्या दोघांमधले नाते पगारी पंडित आणि नेमणारा साहेब यांच्यापलीकडे किती गेले, हा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासाने विचारायला हवा.

आपण ‘कॅरीचे व्याकरण’ म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. मुखपृष्ठावर त्याचेच नाव आहे. पण यापुढे वर्गात १८०५ साल आले, की त्या नावाच्या एका बाजूला वैजनाथ पंडितांना आणि दुसऱ्या बाजूला, दोन वर्षे भलताच एडवर्ड्‌स वाचत बसलेल्या सोहॅमच्या त्या पाळकाला जागा द्यावी, असे आम्हांला वाटते. विद्यार्थ्यांना त्यातून व्याकरण अधिक कळेल असे नाही. ते लिहिले जाण्यासाठी किती जणांना एकमेकांच्या दारी जावे लागले, एवढे मात्र कळेल.