कृपेची दहा वचने : इफिसकरांस पत्र, अध्याय 2 वरील भाष्य

पाप, कृपा आणि तारण यांचा ख्रिस्ती विचार ज्या मोजक्या उताऱ्यांवर उभा आहे, त्यांत इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील पहिली दहा वचने अग्रभागी आहेत. पत्र पौलाच्या नावाचे आहे. ते त्याने स्वतः लिहिले की त्याच्या परंपरेतल्या कोणी, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही अतिप्राचीन हस्तलिखितांत आरंभी इफिसचे नावही नाही. त्यामुळे आशिया मायनरमधल्या अनेक मंडळ्यांत वाचले जावे म्हणून ते लिहिले गेले असावे, असेही मानतात. येथे मी लेखकाला पौलच म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये पहिली सात वचने मिळून एकच लांबलचक वाक्य आहे, आणि त्याचे मुख्य क्रियापद पाचव्या वचनापर्यंत येत नाही. मनुष्याच्या स्थितीचे वर्णन तीन वचने चालते; देव कर्ता म्हणून आल्यावरच वाक्याला क्रियापद मिळते.

वचन 1. वाचक एके काळी अपराधांमुळे मेलेले होते, असे पौल म्हणतो. आजारी, दुबळे, वाट चुकलेले, यांपैकी कोणताही सौम्य शब्द तो घेत नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियसने मांडले की देवाने आज्ञा दिली त्याअर्थी ती पाळण्याचे बळ माणसात असलेच पाहिजे. त्याची नैतिक कळकळ खरी होती. रोममधल्या ख्रिस्ती लोकांची ढिलाई त्याला पाहवत नव्हती. परंतु या वचनापुढे त्याचा युक्तिवाद टिकत नाही. मेलेल्याला उपदेश करून उठवता येत नाही. ऑगस्टीनने हीच बाजू लावून धरली, आणि 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची शिकवण नाकारली.

वचन 2. हे मेलेले चालतही होते, आणि पौलाला त्यात विसंगती वाटत नाही. जगाची रीत जिकडे नेईल तिकडे, एका अदृश्य सत्तेच्या अमलाखाली ते चालत होते. म्हणजे त्याच्या दृष्टीने पाप ही केवळ सुट्या सुट्या चुकांची बेरीज नाही. ते माणसाला बाहेरूनही ओढणारे बळ आहे. आपल्या प्रवचनांत ही बाजू फार क्वचित येते, आणि पाप प्रत्येकाच्या खाजगी वर्तनापुरते आक्रसून जाते. हे चालणे ध्यानात ठेवावे; दहाव्या वचनात ते परत येते.

वचन 3. इथे ‘तुम्ही’चे ‘आम्ही’ होते. विदेश्यांविषयी बोलणारा यहुदी पौल स्वतःला त्याच रांगेत उभे करतो. म्हणून या उताऱ्याचा आधार घेऊन यहुद्यांना हिणवणे हा मजकुरावर अन्याय आहे. यहुदी धर्म म्हणजे पुण्य कमावण्याचा व्यापार, ही समजूत ख्रिस्ती विद्वत्तेत दीर्घकाळ रुजलेली होती, ई. पी. सँडर्स यांच्या 1977 च्या ग्रंथाने तिला मोठा हादरा दिला. सर्व माणसे स्वभावतःच देवाच्या कोपाला पात्र आहेत, हा या वचनाचा गाभा. पश्चिमेच्या परंपरेने यातून आदामाकडून आलेला जन्मजात दोष वाचला; पूर्वेच्या ऑर्थोडॉक्स परंपरेने वारशाने आलेल्या दोषापेक्षा मर्त्यतेवर भर दिला. हा वारसा कोणत्या मार्गाने येतो, हे वचन सांगत नाही. तेवढेच सांगून थांबणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

वचन 4. पारडे येथे फिरते. कारण म्हणून दोनच गोष्टी दिल्या आहेत : देवाची दया आणि त्याची प्रीती. माणसाचा पश्चात्ताप, त्याची तळमळ, यांचा उल्लेखही नाही.

वचन 5 आणि 6. जिवंत केले, उठवले, बसवले : तिन्ही क्रिया देवाच्या आणि तिन्ही ख्रिस्तासह. पहिल्या अध्यायाच्या विसाव्या वचनात ख्रिस्ताला उठवल्याचे आणि स्वर्गात बसवल्याचे आले आहे. तेच आता विश्वासणाऱ्यांविषयी म्हटले आहे. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात तारण पुढे व्हायचे आहे, इथे ते झालेले आहे. पौलाच्या लेखकत्वाविषयी शंका घेणाऱ्यांचा हा एक मुख्य आधार.

वचन 7. कृपेचे वैभव येणाऱ्या युगांना दिसावे, हा हेतू. दीर्घ वाक्य इथे संपते.

वचन 8. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे. ते माणसापासून नव्हे, देवाचे दान आहे. दान नेमके कशाला म्हटले, विश्वासाला की तारणाला? ग्रीकमधले दर्शक सर्वनाम नपुंसकलिंगी आहे. कृपा आणि विश्वास हे दोन्ही शब्द त्या भाषेत स्त्रीलिंगी. म्हणून ते आधीच्या संपूर्ण विधानाकडे बोट दाखवते, हे वाचन सयुक्तिक ठरते. विश्वासही देवदत्तच, असे मानणाऱ्या कॅल्विननेसुद्धा आपल्या भाष्यात या जागी दान म्हणजे तारण असाच अर्थ घेतला. आपल्या सिद्धांताला सोयीचा अर्थ हाताशी असताना मजकुराशी इमान राखणारा भाष्यकार मला वंदनीय वाटतो.

वचन 9. कर्मांनी नव्हे, म्हणजे कोणाला बढाई मारायला जागा उरू नये. गलतीकरांस पत्रात वाद नियमशास्त्रातल्या कर्मांचा होता, मुख्यतः सुंतेचा. येथे कक्षा रुंदावून सगळीच कर्मे तिच्यात येतात. बाप्तिस्मा आणि सेवासुद्धा. पंडिता रमाबाईंची साक्ष येथे आठवते. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1907 च्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की त्या वेळी धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला पुढे काही वर्षे जावी लागली. ज्या शास्त्रांत त्या वाढल्या, त्यांत स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा सरळ अधिकार नव्हता, आणि विशिष्ट जातीसाठी किंवा पुरुषांसाठी राखून न ठेवलेले तारण ही त्यांना शुभवार्ता वाटली. फुकट मिळालेल्या दानाला अधिकारभेद उरत नाही, हे नवव्या वचनाचे मर्म त्यांनी जगून पाहिले.

वचन 10. आपण देवाची कृती आहोत, आणि सत्कृत्ये करण्यासाठी घडवले गेलो. त्या कृत्यांत आपण चालावे म्हणून देवाने ती आधीच तयार करून ठेवली. दुसऱ्या वचनातले चालणे इथे दिशा बदलून येते. कर्म तारणाचे मूळ नाही, फळ आहे. आठ आणि नऊ पाठ करून दहा गाळणारे कृपेला आळसाचा परवाना करतात. दहा धरून आठ आणि नऊ विसरणारे पुन्हा हिशेबाची वही उघडतात. पश्चिमेची मंडळी सोळाव्या शतकात याच प्रश्नावर दुभंगली. नीतिमान ठरण्याआधीचे कोणतेही कर्म ती कृपा कमावत नाही, हे 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेनेही म्हटले होते, ही गोष्ट प्रोटेस्टंट वाचकांनी मोकळ्या मनाने वाचावी. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लूथरन प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

तयार ठेवलेले पहिले सत्कृत्य कोणते, ते पुढच्याच वचनांत आहे : यहुदी आणि विदेशी यांच्यामधली भिंत पडून दोघांचे एक होणे. येरुशलेमच्या मंदिरात विदेश्यांना आत येऊ न देणारा अडसर खरोखर होता; ओलांडल्यास मरण, असे बजावणारा त्याचा शिलालेख 1871 मध्ये सापडला आणि तो आज इस्तंबूलमध्ये आहे. आपल्या मंडळ्यांत सोयरीक जुळवताना आणि दफनभूमीची जागा ठरवताना अजूनही जात पाहिली जाते. दहाव्या वचनावर पुस्तक मिटू नका. बाविसाव्या वचनापर्यंत वाचा, आणि मंडळीच्या पुढच्या सभेत हा विषय काढा.